कोणता बिबट्या? निफाडच्या उसातलं एक प्रकरण

पिंजऱ्यात बिबट्या अडकला की गावात पहिलं वाक्य ऐकू येतं, 'सापडला एकदाचा.' हल्ला करणारा तोच का, हे तोवर कोणीही तपासलेलं नसतं. पिंजऱ्यात शेळी बांधलेली असते आणि त्या रात्री भुकेपोटी जो त्या वाटेने येतो, तो अडकतो. नाशिक जिल्ह्यात निफाड, सिन्नर, दिंडोरी या पट्ट्यात एकाच शिवारात एकाहून जास्त बिबटे वावरतात. त्यातला नेमका कोणता दोषी, हा प्रश्न सहसा पिंजऱ्याचं दार पडलं की संपतो. या प्रकरणात तो संपला नाही, कारण एका वनरक्षक ताईंनी शेळीच्या मानेवरून कापसाची काडी फिरवली होती आणि एका घरच्यांनी रक्ताने भिजलेला स्वेटर जाळला नव्हता.

मी पशुवैद्यक आहे. पकडलेल्या वन्यप्राण्यांच्या तपासणीसाठी वनखात्याच्या पथकासोबत जातो. गावाचं नाव आणि माणसांची नावं इथे दिलेली नाहीत, ओळख पटेल असे तपशीलही बदलले आहेत. प्रकरण सविस्तर लिहितोय ते वनरक्षक, पशुवैद्यक आणि गावोगावच्या पोलीस पाटलांसाठी. डीएनए तपासणीत सगळ्यात मोलाचं काम प्रयोगशाळेत पोहोचण्याआधी होतं, आणि ते याच माणसांच्या हातात असतं.

काय घडलं

गाव कादवेच्या काठी. एका बाजूला द्राक्षबागा, दुसऱ्या बाजूला ऊस, मधे गायींसाठी लावलेला घास. खाली नांदूर मध्यमेश्वरकडे जाताना नदीकाठची झुडपं दाट होत जातात. आडसाली ऊस शेतात सोळा-अठरा महिने उभा असतो. त्यात सावली आहे, जवळ पाणी आहे, वस्तीवरची कुत्री आणि शेळ्या हाताशी आहेत. कित्येक बिबटे या उसातच जन्मतात आणि डोंगर न बघताच मोठे होतात. तोड सुरू झाली की त्यांचा आडोसा फडाफडाने कमी होतो, आणि हिवाळ्यात माणूस व बिबट्या समोरासमोर येण्याचे प्रसंग वाढतात.

डिसेंबरमध्ये एका वस्तीवरच्या गोठ्यातून रात्री शेळी ओढून नेली गेली. सकाळी ती उसाच्या बांधावर सापडली, गळ्यावर सुळ्यांच्या खुणा, मागची मांडी खाल्लेली. दोन दिवसांनी त्याच शिवारात, दिवस मावळायच्या सुमारास, शेजारच्या मळ्यातली एक बाई घास कापायला वाकली होती. उसाकडून बिबट्या आला आणि त्याने खांद्याला धरलं. अंगात जाड लोकरीचा स्वेटर होता, त्यावरून स्कार्फ. दिराने आरडाओरडा केला, हातातला विळा फेकला, आणि बिबट्या सोडून पळाला. जखमा खोल होत्या, पण ताई वाचल्या.

दवाखान्यात जखम साबण-पाण्याने भरपूर धुतली गेली, रेबीजची लस आणि इम्युनोग्लोब्युलिन दिलं गेलं. हे अगदी योग्य झालं. पुरावा हवा म्हणून जखम धुवायला एक मिनिटही उशीर करू नये, हे प्रत्येक प्रशिक्षणात मी आधी सांगतो. माणसाच्या अंगावरची लाळ गेली तरी चालेल, कपड्यावर ती शिल्लक असते.

दुसऱ्या दिवशी रास्ता रोको झाला. लोकांचा राग समजण्यासारखा होता. शेतीपंपाला वीज रात्री मिळते, पाणी भरायला अंधारातच जावं लागतं, आणि त्या अंधारात कोण बसलंय हे माहीत नाही. पिंजरे लागले. चार-पाच रात्रींत एक मादी अडकली. गावात फटाके वाजले. पुढे आठवडाभरात त्याच उसाच्या दुसऱ्या टोकाला एक तरुण नर अडकला. दोघांनाही हलवलं गेलं, पिंजरे निघाले, आणि पोरं पुन्हा एकटी शाळेत जाऊ लागली.

नमुने

शेळीचा पंचनामा करायला आलेल्या वनरक्षक ताईंकडे एक छोटी पिशवी होती: निर्जंतुक कापसाच्या काड्या, हातमोजे, मास्क, डिस्टिल्ड वॉटरच्या कुप्या, कागदी पाकिटं, मार्कर. त्यांनी काय केलं ते सावकाश सांगतो, कारण पुढचं सगळं यावर उभं आहे.

मांडीकडे त्या गेल्याच नाहीत. मांडी उघडी पडलेली होती, तिथे वस्तीवरची कुत्री तोंड घालून गेली असणार. त्यांनी गळा निवडला. बिबट्या शेळी मारताना गळा दाबून धरतो, बराच वेळ. सुळ्यांच्या भोकांभोवती आणि त्यालगतच्या चिकटलेल्या केसांत त्याची लाळ मुरते, आणि लाळेत त्याच्या तोंडाच्या आतल्या अस्तराच्या पेशी असतात. काडीचं टोक पाण्याने जेमतेम ओलं करून त्यांनी भोकाच्या कडेने हलक्या हाताने फिरवलं. साकळलेल्या रक्तात बुडवलं नाही, कारण ते रक्त शेळीचं, त्यात शेळीचाच डीएनए मिळणार. प्रत्येक खुणेला दोन काड्या. मग त्याच शेळीच्या पाठीवरून, जिथे दाताचा स्पर्श झालेला नाही तिथून, एक काडी वेगळी घेतली. ही तुलनेची काडी. गळ्यावर बिबट्या आणि पाठीवरही बिबट्या आला, तर कुठेतरी भेसळ झाली हे तिच्यावरून कळतं.

काड्या सावलीत वाळवून कागदी पाकिटात गेल्या. उन्हात नाही, कारण अतिनील किरणांनी डीएनए तुटतो. प्लास्टिकमध्ये नाही, कारण ओल राहिली की बुरशी आणि जिवाणू त्याचा फडशा पाडतात. पाकिटावर तारीख, वेळ, गट नंबर, शरीराची जागा, घेणाऱ्याची सही. पंचांच्या सह्या, लाखेचं सील.

स्वेटरची गोष्ट वेगळी. घरच्यांनी तो दुकानाच्या प्लास्टिक पिशवीत कोंबून गोठ्याच्या खुंटीला अडकवला होता. वस्तीवर म्हातारी आजी होती, ती म्हणाली, "जाळून टाकायचा व्हता, पण म्हटलं पोलीस इचारतील." त्याच रात्री तो काढून स्वच्छ कागदावर पसरवून वाळवला गेला. खांद्यावर चार भोकं होती, दोन पुढे, दोन मागे. आतल्या बाजूने जखमी ताईंचं रक्त, बाहेरच्या लोकरीवर वाळून कडक झालेला डाग. प्रयोगशाळेला पूर्ण स्वेटर पाठवला, आम्ही कात्री लावली नाही. कुठून कापायचं हे त्यांनी ठरवायचं.

पकडलेल्या दोन्ही बिबट्यांचं रक्त भुलीखाली तपासणी करताना घेतलं. रक्त गोठू न देणाऱ्या, जांभळ्या झाकणाच्या ईडीटीए नळीत, सोबत मुळासकट उपटलेले काही केस. इथे एक पथ्य कसोशीने पाळलं. घटनास्थळाचे नमुने ज्यांनी हाताळले त्यांनी बिबट्यांचं रक्त हाताळायचं नाही, आणि दोन्ही एकाच पेटीत जायचे नाहीत. ताज्या रक्ताच्या एका थेंबात जितका डीएनए असतो, त्याच्या तुलनेत वाळलेल्या लाळेतला डीएनए अगदी नगण्य. रक्ताचा अंश जरी काडीला लागला, तरी निकाल 'जुळला' असा येईल आणि तो खोटा असेल. असा खोटा निकाल पकडणं फार अवघड असतं, कारण सगळ्यांना तोच हवा असतो.

प्रयोगशाळेत काय पाहतात

भारतात हे काम प्रामुख्याने हैदराबादच्या सीसीएमबी (पेशी आणि रेणू जीवशास्त्र केंद्र) या संस्थेची लॅकोन्स ही प्रयोगशाळा आणि देहरादूनची भारतीय वन्यजीव संस्था करतात. सीसीएमबीत डॉ. लालजी सिंग आणि सहकाऱ्यांनी प्राणी कुठल्या जातीचा हे सांगणारी एकच सार्वत्रिक पद्धत विकसित केली. पेशीतल्या मायटोकाँड्रियात सायटोक्रोम बी नावाचं जनुक असतं, त्याचा ठरावीक तुकडा वाचायचा. मांस शिजवलेलं असो की कातडं कमावलेलं, एका पेशीत मायटोकाँड्रियल डीएनएच्या प्रती शेकड्यांनी असतात, म्हणून तो बऱ्याचदा टिकून राहतो.

पण जात कळून आमचं काम भागत नव्हतं. शेळी कुत्र्याने मारली की बिबट्याने, हा भरपाईसाठी महत्त्वाचा प्रश्न आहे आणि तिथे जात पुरते. मायटोकाँड्रिया मात्र आईकडूनच येतो. एका मादीची सगळी पिल्लं, त्यांच्या मावश्या, आजी, सगळ्यांचा तो सारखाच निघतो. एकेक बिबट्या वेगळा ओळखायचा तर पेशीच्या केंद्रकात जावं लागतं.

केंद्रकातल्या डीएनएच्या लांब साखळीत काही ठिकाणी दोन ते चार अक्षरांचा तुकडा पुन्हा पुन्हा येतो. कुणात तो १४ वेळा येतो, कुणात १९ वेळा. प्रत्येक ठिकाणी एक आकडा आईकडून आणि एक बापाकडून मिळतो. अशा दहा-बारा ठिकाणच्या जोड्या मांडल्या की त्या बिबट्याची ओळख तयार होते. यांना मायक्रोसॅटेलाइट म्हणतात, मी पुढे नुसतं 'जागा' म्हणेन. जिथे डीएनए फारच तुटलेला असतो, तिथे हल्ली एकेका अक्षराच्या फरकावर चालणारी एसएनपी पद्धतही वापरतात, कारण तिला लहान तुकडे पुरतात.

लाळेच्या नमुन्यात अडचण अशी की डीएनए कमी असतो आणि जो असतो त्यात बहुतांश सावजाचा. म्हणून मार्जार कुळाच्याच डीएनएला चिकटतील असे प्राइमर, म्हणजे डीएनएचे छोटे तुकडे, वापरून पीसीआरने (डीएनएच्या असंख्य प्रती काढायच्या पद्धतीने) तेवढाच भाग वाढवतात. त्यातही दगाफटका होतो. एखाद्या जागी खरी जोडी १४ आणि १८ असते, पण १८ ची प्रत नमुन्यात वाढतच नाही आणि कागदावर नुसता १४ दिसतो. म्हणून तीच तपासणी अनेकदा करावी लागते, आणि वारंवार येणारा आकडाच धरायचा असतो. नवख्या माणसाला हे वेळकाढूपणाचं वाटतं. पण एका फेरीवर निकाल देणारी प्रयोगशाळा मला चालणार नाही, कारण त्या कागदावर एका जिवाची जन्मठेप ठरते.

नर की मादी हे ठरवतानाही या प्रकरणात काळजी घ्यावी लागली. स्वेटरला दिराचे हात लागले होते, उचलून नेणाऱ्या दोन-तीन पुरुषांचेही. नरांतच असणारं वाय गुणसूत्र नुसतं शोधलं असतं, तर त्या पुरुषांचंच सापडलं असतं. माणसाच्या डीएनएवर चालणार नाही, अशीच वाय गुणसूत्राची चाचणी इथे हवी होती, आणि नमुन्यांसोबतच्या पत्रात स्वेटर कोणी कोणी हाताळला हे लिहिलेलं होतं, म्हणून प्रयोगशाळेने ती आधीच निवडली. सोबतच्या पत्रातला असा एक परिच्छेद किती उपयोगी पडतो, हे इथे दिसलं.

निकाल

अहवाल यायला काही आठवडे गेले. त्यात तीन गोष्टी होत्या.

शेळीच्या गळ्यावरची लाळ बिबट्याची, आणि दहाही जागांवरच्या जोड्या पिंजऱ्यात सापडलेल्या मादीशी जुळल्या. पाठीवरच्या काडीत बिबट्या नव्हता. म्हणजे शेळी तिनेच मारली होती.

स्वेटरवरची लाळही बिबट्याचीच, पण नराची. दहापैकी सहा जागा वाचता आल्या. मादी तर वगळली गेलीच. पकडलेल्या तरुण नराशी ताडून पाहिलं, तर सहापैकी तीन जागांवर त्याचे दोन्ही आकडे स्वेटरवर नव्हते. एखादा आकडा गळाला असता तर ती त्रुटी म्हणता आली असती. तीन ठिकाणी दोन्ही आकडे वेगळे निघणं ही त्रुटी नसते. तोही वगळला गेला.

तिसरी गोष्ट कोणी विचारलेली नव्हती, ती आपोआप दिसली. मादी आणि तरुण नर यांच्यात दहाही जागांवर किमान एक आकडा सामाईक होता. आई आणि मुलात हे असावंच लागतं. मादीचे दात झिजलेले होते, आचळांवरून ती पिल्लं वाढवलेली दिसत होती. नर दीड वर्षाच्या आसपासचा, म्हणजे आईपासून सुटा होण्याच्या वयाचा. नुसत्या आकड्यांवरून नातं शंभर टक्के सिद्ध होत नाही, पण वय, जागा आणि आकडे एकत्र ठेवले तर मला शंका वाटत नाही. आपण एका आईला आणि तिच्या मुलाला उचललं होतं. बाईला धरणारा नर अजून त्याच उसात होता.

जुळणं आणि न जुळणं यांचं वजन सारखं नसतं, हे नीट समजून घ्यायला हवं. सख्ख्या भावंडांत एका जागेवर तंतोतंत तीच जोडी येण्याची शक्यता किमान चारात एक असते. आकड्यांची विविधता बेताची असेल तर ती आणखी वाढते. समजा ०.४ धरली. मग सहा जागांवर भावंडं सारखी दिसण्याची शक्यता सुमारे अडीचशेत एक येते, दहा जागांवर दहा हजारांत एक. अनोळखी, नातं नसलेल्या बिबट्यांसाठीचे आकडे याहून कितीतरी भारी दिसतात आणि अहवालात तेच लिहायचा मोह होतो. पण उसाच्या पट्ट्यात आई, मुलगी, भाऊ एकाच पाच-सात किलोमीटरच्या परिसरात असतात. इथे भावंडांचाच आकडा धरला पाहिजे. म्हणून सहा जागा एखाद्याला निर्दोष ठरवायला भरपूर आहेत, दोषी ठरवायला मात्र अपुऱ्या. उद्या एखादा नर सापडला आणि त्या सहा जागा जुळल्या, तरी मी 'हाच' असं लिहून देणार नाही. उरलेल्या चार जागा किंवा एसएनपी तपासणी मागेन.

याचा उपयोग काय झाला

केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाच्या २०११ च्या मार्गदर्शक सूचना बिबटे उचलून दुसरीकडे नेऊन सोडण्याच्या विरोधात आहेत. त्यामागे आपल्या शेजारचाच अनुभव आहे. जुन्नरमध्ये २००१ पासून मोठ्या प्रमाणावर बिबटे पकडून इतरत्र सोडले गेले. वन्यजीव अभ्यासक विद्या अत्रेय आणि सहकाऱ्यांनी त्या काळाचा अभ्यास केला, तेव्हा माणसांवरचे हल्ले वर्षाला सरासरी ४ वरून १७ वर गेल्याचं दिसलं. परक्या मुलखात सोडलेला प्राणी बिथरतो, परत फिरायला बघतो, आणि रिकाम्या झालेल्या जागी दुसरे येतात. याच सूचना असंही सांगतात की माणसावर मुद्दाम हल्ला करणारा बिबट्या पकडला तर तो पुन्हा निसर्गात सोडू नये. आणि वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ च्या कलम ११ खाली मुख्य वन्यजीव रक्षक कारणं लिहून एखाद्या बिबट्याला मारायची परवानगीही देऊ शकतात, पण 'त्या' प्राण्याला, सरसकट नाही. म्हणजे कायदा आणि सूचना दोन्ही एका विशिष्ट प्राण्याबद्दल बोलतात, आणि प्रत्यक्षात निर्णय जो सापडला त्याच्याबद्दल होतो.

तरुण नराला मायक्रोचिप बसवून पुन्हा सोडण्यात आलं. आईचं तसं झालं नाही. पिंजऱ्याच्या गजांना चावून तिचे दोन सुळे मुळापासून तुटले होते. पिंजऱ्यात हे नेहमी होतं, आणि तुटलेल्या सुळ्यांनी रानात शिकार करता येत नाही. अशा बिबट्याला सोडलं तर तो वस्तीवरच येणार. ती वन्यप्राण्यांच्या बचाव केंद्रातच राहिली. तिने शेळी मारली होती, बस. शेळीची भरपाई मालकाला मिळते, तिची सोय कायद्यात आहे. अहवाल आठवड्याच्या आत आला असता तरी तिचे सुळे वाचले नसते, हे मान्य आहे. पण ती अडकायच्या आधीच स्वेटरवर नर आहे एवढं जरी कळलं असतं, तरी तिला पाहताक्षणी सोडून देता आलं असतं.

आणखी मोठी गोष्ट गावाच्या सुरक्षिततेची. मादी सापडल्यावर गाव निर्धास्त झालं, हे मला सगळ्यात जास्त खटकतं. अहवाल आल्यावर आम्ही पुन्हा गावात गेलो, ग्रामपंचायतीसमोर बसून सगळं सांगितलं. सोपं नव्हतं. एक जण उठून म्हणाला, "डॉक्टर, म्हणजे तुम्ही दोन धरले ते उगाच, आणि खरा मोकळाच?" हो, तसंच आहे, असंच उत्तर दिलं. मग ज्या ताईंवर हल्ला झाला होता त्यांनी विचारलं, "नर म्हणजे मोठा ना? मला वजन जाणवलं होतं." त्यांना कोणी हे आधी विचारलंच नव्हतं. त्या बैठकीनंतर गावाने घास कापायची वेळ बदलली, उसाच्या कडेचा काही भाग मोकळा ठेवला, आणि दिवसा वीज मिळावी म्हणून अर्ज दिला. ट्रॅप कॅमेरे, म्हणजे समोरून प्राणी गेला की आपोआप फोटो काढणारे, पुन्हा लागले. त्यांत एक मोठा नर दोनदा टिपला गेला. अंगावरच्या ठिपक्यांची नक्षी प्रत्येक बिबट्याची वेगळी असते, त्यामुळे फोटोवरूनही एकेकाची ओळख पटते, आणि ती लगेच पटते. पण फोटो एवढंच सांगतो की तो तिथून गेला. दात कुणाचे लागले, हे लाळच सांगते.

नाशिकला काय हवं

१९९४ मध्ये कॅनडाच्या प्रिन्स एडवर्ड बेटावर एका खुनाच्या तपासात रक्ताने माखलेल्या जॅकेटवर पांढऱ्या मांजराचे केस सापडले. संशयिताच्या घरी स्नोबॉल नावाचा पांढरा बोका होता. अमेरिकेतल्या शास्त्रज्ञांनी केसाचा डीएनए त्या बोक्याशी जुळवला. पण तेवढ्यावर ते थांबले नाहीत. त्याच बेटावरच्या इतर मांजरांचे नमुने घेऊन त्यांनी तपासलं, की तिथली मांजरं एकमेकांची नातलग असल्याने सगळीच सारखी तर दिसत नाहीत ना. ती पार्श्वभूमी होती, म्हणून जुळण्याला अर्थ आला आणि न्यायालयात ते टिकलं.

नाशिकला नेमकी हीच पार्श्वभूमी तयार करता येण्यासारखी आहे. जिल्ह्यात विहिरीत पडलेले, पिंजऱ्यात अडकलेले, मुंबई-आग्रा महामार्गावर गाडीखाली आलेले बिबटे दरवर्षी हाती लागतात. प्रत्येकाच्या रक्ताची एक नळी, मेलेला असेल तर स्नायूचा तुकडा, एवढं जपून ठेवलं आणि त्याची ओळख तपासून नोंदवली, तर काही वर्षांत इथल्या बिबट्यांची वही तयार होईल. दक्षिण आफ्रिकेत गेंड्यांसाठी अशी वही आहे, ऱ्होडिस नावाची, प्रिटोरिया विद्यापीठाच्या प्रयोगशाळेने उभारलेली. पकडलेलं शिंग कुठल्या मेलेल्या गेंड्याचं, हे त्यावरून न्यायालयात सिद्ध केलं गेलं आहे. भारतातही गेंड्यांसाठी तो उपक्रम सुरू झाला. हस्तिदंताबाबत अमेरिकी शास्त्रज्ञ सॅम्युएल वासर यांनी २०१५ मध्ये दाखवून दिलं की जगभर पकडलेल्या मोठ्या साठ्यांतले दात मुख्यतः आफ्रिकेतल्या दोनच प्रदेशांतून आले होते. आपल्याकडेही बिबट्याचं कातडं किंवा नखं पकडली जातात, पंजे कापलेले मृतदेह सापडतात. नखं आणि मृतदेह एकाच बिबट्याचे हे वहीशिवायही दोन नमुन्यांवरून सिद्ध होतं, पण कातडं इथलं की मध्य भारतातलं हे सांगायला वही लागेल.

या प्रकरणातल्या नराला तर ती वही थेट उपयोगी पडली असती. कदाचित तो आधी कधीतरी विहिरीतून काढून सोडलेला असेल. मग त्याचं वय, त्याचं मूळ शिवार, त्याचा चिप क्रमांक आपल्याकडे असता. २००९ मध्ये माळशेज घाटात ठावठिकाणा कळवणारी कॉलर लावून सोडलेला एक नर चालत चालत मुंबईच्या संजय गांधी राष्ट्रीय उद्यानापर्यंत पोहोचला होता. इथले बिबटे किती दूर जातात, कुठून येतात, याची कल्पना कॉलर लावलेल्या मोजक्या प्राण्यांवरून येते. विष्ठेच्या नमुन्यांवरून ती शेकडो प्राण्यांची येऊ शकते. विष्ठेच्या बाहेरच्या थरावर आतड्याच्या पेशी असतात, ताजी असेल तर तिच्यातूनही एकेक बिबट्या वेगळा ओळखता येतो, आणि त्यासाठी कोणालाही पिंजऱ्यात घालावं लागत नाही.

सध्याची स्थिती अशी. स्वेटरचा अहवाल आणि सहा जागांचे आकडे वन परिक्षेत्र कार्यालयात नोंदवलेले आहेत. त्या भागात पुढे जो नर सापडेल त्याचं रक्त आधी या आकड्यांशी ताडायचं आणि मगच त्याचं काय करायचं ते ठरवायचं, असं लेखी ठरलं आहे. आसपासच्या बीटांवरच्या (एकेका वनरक्षकाच्या हद्दीतल्या) वनरक्षकांना काड्या, कागदी पाकिटं आणि हातमोज्यांची पिशवी मिळाली आहे. काड्यांच्या वेष्टनावर मुदत छापलेली असते, ती संपण्याआधी नव्या कोणी मागवायच्या हे अजून नक्की झालेलं नाही. ते या हंगामाची तोड सुरू व्हायच्या आत नक्की व्हायला हवं.